कावळ्याला इचारू नका

आमच्याकडं माणूस मेलं की दहाव्या दिवशी त्याच्याविषयी सगळा गाव बोलतो. बोलत नाही ते एकटं ते माणूस.

ओढ्याकाठी दशक्रिया घाट आहे. सकाळी आठला मांडवात प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग पिंड, मग कावळा. भाषणांना पुढाऱ्यांची रांग लागते. जिवंतपणी ज्या बाईच्या दारात पाय ठेवला नाही तिला माईकवर ‘मातोश्री’ म्हणायचं, दोन मिनिटं गळा दाटवायचा आणि तिसऱ्या मिनिटाला आपलं काम काढायचं. कुणी अडवत नाही. मयताच्या दारात वाद नको म्हणतात. ही सोय ज्यानं शोधून काढली तो फार हुशार माणूस असला पाहिजे.

माझी आई बनुबाई वारली तेव्हा आबासाहेबांनी हीच सोय वापरायचं ठरवलं.

आबासाहेब आमच्या गावच्या पतसंस्थेचे चेअरमन. माझा धाकटा भाऊ सुनील त्याच पतसंस्थेत शिपाई. आईच्या नावावर मिरजगावच्या रस्त्याला, अगदी हायवेला लागून पाच गुंठे होते. तिच्या बापानं तिला दिलेले. तिथं एक कडुलिंब आहे आणि त्या लिंबाखाली रोज सकाळी अकरा बाया भाजी घेऊन बसतात. आईनं त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही. उलट उन्हाळ्यात दोन रांजण भरून ठेवायची. आबासाहेबांना तिथं गाळे काढायचे होते आणि कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव घालायचं होतं. सहा वर्षं ते मागत होते आणि सहा वर्षं आई नाही म्हणत होती.

आठव्या दिवशी सुनील ओसरीवर माझ्यासमोर बसला आणि चपलेचा अंगठा बघत म्हणाला, “आक्का, साहेब दहाव्याला जाहीर करनार हायेत. आईची शेवटची इच्छा हुती म्हनून पाच गुंठे संस्थेला.”

“तुला बोलली का आई आसं?”

“न्हाई.”

“मला?”

“न्हाई.”

“मग साहेबाच्या सपनात गेल्ती का?”

तो म्हणाला, “कावळा शिवला न्हाई की ते उठनार. मी पिंडाम्होरं हात जोडून व्हय म्हनायचं. एवढंच सांगितलंय.”

कावळ्याचं असं असतं. पिंडाला कावळा शिवला नाही की मयताची काही इच्छा राहिली असं धरतात. मग घरचं कुणी हात जोडून शब्द देतं, अमकं करू, तमकं करू, आणि कावळा शिवला की तो शब्द पक्का. आमच्या ओढ्याकाठच्या बाभळी तोडून तिथं वीटभट्टी झाली तेव्हापासून अर्धा अर्धा तास कावळा फिरकत नाही. आबासाहेबांना हे चांगलं माहीत होतं. भट्टी त्यांचीच.

कायद्यानं अर्धी जागा माझी होती हे मलाही कळतं. मी कर्जतला पिठाची गिरणी चालवते, येडी नाही. पण एकदा चारशे माणसांत, पिंडासमोर शब्द गेला की त्यानंतर हक्कसोडीवर सही न करणारी बहीण म्हणजे मेलेल्या आईच्या जिवावर उठलेली. माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला तेच सांगितलं असतं. जमीन तलाठ्याच्या कागदावर जाते त्याच्या आधी माणसांच्या तोंडात जाते.

नवव्या दिवशी सकाळी माझी भावजय मोनिका पिठाच्या डब्यात हात घालून थांबली. “आक्का, ह्यात काय तरी हाय.”

फडक्यात गुंडाळलेला आमच्या वडिलांचा रेकॉर्डर निघाला.

आमचे वडील सहादेव भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सप्त्यातली कीर्तनं साठवायची त्यांना भारी हौस. त्यासाठी पुण्याहून हा डिजिटल रेकॉर्डर आणलेला. मुठीएवढा, काळा, डोक्यावर शेळीच्या पिलासारखी दोन शिंगं. ते त्याचे माईक. एक डावीकडचं ऐकतो, एक उजवीकडचं. वडिलांचे दोन्ही हात पखवाजावर, म्हणून रेकॉर्डरचं लाल बटण आईनं दाबायचं. दहा वर्षं तिनं तेवढंच केलं. कीर्तन संपलं की बंद वडील करायचे. त्या यंत्राचं एवढंच शिक्षण तिला होतं, आणि वडील गेल्यावर तो रेकॉर्डर कुठं गेला हे आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

आम्ही दोघी गोठ्यात गेलो. मोनिकानं नवे सेल घातले, चालू केला. रेकॉर्डरच्या पोटात नखाएवढा स्पीकर असतो, त्याला कान लावून आम्ही आईचा आवाज ऐकला. सगळा नाही, पण पुरेसा. मोनिका रडेल असं मला वाटलं होतं. ती हसायला लागली.

“लावायचं,” ती म्हणाली. “उद्या घाटावरच लावायचं.”

“एवढ्याशा आवाजात चार मानसं ऐकतील.”

मी गहिनीनाथला फोन केला. मांडव त्याचा, स्पीकर त्याचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आक्का, पाया पडतो. माइक साहेबांच्या मानसाच्या हातात असतोय. मिक्सरला तुमची वायर लावली तर पुढच्या लग्नसराईत माझा मांडव कुटंच पडायचा न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पन जनरेटरच्या बोर्डात एक भोक रिकामं असतंय. तिकडं माझी पाठ असतीय.”

फोन ठेवल्यावर मोनिका घरात बघत उभी होती. टीव्हीखाली तिचं होम थेटर. पाच छोटे डबे आणि एक मोठा, गाणं लावलं की फडताळातली भांडी वाजणारा.

“सुनील नेऊ देईल?” मी विचारलं.

“त्यांना कोन इचारतंय? माझ्या बापानं लग्नात दिलंय. ह्यांनी आजपातूर त्याची धूळबी पुसली न्हाई.”

एक अडचण होती. मोनिका नेहमी मोबाईलवरनं, बिगर वायरीचं गाणं लावायची. रेकॉर्डर जुना, त्याला वायरच लागणार. माळ्यावर जुन्या सीडी प्लेअरबरोबरची वायर सापडली. एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन टोकं. होम थेटरच्या पाठीवर लाल आणि पांढरं भोक होतं. रेकॉर्डरला कानातलं लावायचं भोक होतं, पिन त्यात बसली. पिवळ्याचं काय ते दोघींनाही कळेना. मोनिका म्हणाली, राहू द्या लोंबत. चालू करून बघायचं म्हटलं तर सुनील घरातनं हलेना. उद्याच्या काळजीनं त्याला अंगणसुद्धा लांब झालं होतं. म्हणून बघायचं राहिलं. रंग जुळले, पिन बसली, आम्हाला वाटलं झालं.

दहाव्याला सकाळी सुनील पुढं गेला. कर्ता तोच, मुंडन, आंघोळ सगळं त्याचं. तो गेल्यावर आम्ही भाजीवाल्या बायकांचा छोटा हत्ती बोलावला. होम थेटर गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि अकरा बाया त्याच्याभोवती बसल्या.

घाटावर चारशेच्या वर माणूस. प्रवचन संपलेलं. पुढच्या खुर्चीवर आबासाहेब, पांढरे कडक कपडे, गळ्यात टॉवेल. पाण्याजवळ यज्ञेश्वर गुरुजी आणि त्यांच्यासमोर पाटावर सुनील, उघडा, ओल्या धोतरात, बोटात दर्भाची अंगठी. आम्ही बायकांच्या बाजूला सहा डबे मांडायला लागलो तशी माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, “दहाव्याला डीजे आनला का काय?” गहिनीनाथ जनरेटरकडं गेला आणि आमच्याकडं पाठ करून विडी पेटवायला लागला. त्याला पाच काड्या लागल्या. तेवढ्यात मोनिकानं बोर्डात प्लग घातला.

आबासाहेबांचा माणूस माईकवर म्हणाला, “आता मातोश्री बनुबाईंना श्रद्धांजली अर्पण करण्यासाठी...”

“आधी आई बोलनार,” मी म्हणाले. माझ्याकडं माईक नव्हता. गिरणी चालवणाऱ्या बाईला माईक लागत नाही. “आईनं स्वतः बोलून ठेवलंय. तिचा दहावा हाय, पैला मान तिचा.”

मोनिकानं होम थेटरचं बटण वायरीवर आणलं, मी रेकॉर्डर चालू केला.

डाव्या डब्यातनं शेळी ओरडली.

मग उजव्या डब्यातनं कुकरची शिट्टी. मग परत शेळी. मग एक कोंबडी. आईचा आवाज नाही. खोल विहिरीत कुणी कुजबुजावं तसं काहीतरी मधेच यायचं आणि जायचं. मी आवाज वाढवला. शेळी मोठी झाली. आई आलीच नाही.

मागं कुणीतरी हसलं. मग पाचपन्नास हसले. आबासाहेब उठले, माईक हातात घेतला आणि माझं नाव घेऊन शांतपणे म्हणाले, “ज्ञानेश्वरी, शेळीनं चांगली श्रद्धांजली वाहिली बघ. अगं, बनुबाईनं जल्मात कधी चार लोकांत तोंड उघडलं न्हाई. मेल्यावर काय बोलंल? आटपा बायांनो, गुरुजी खोळंबलेत.”

मी पिन काढली, घातली. परत शेळी. मोनिकानं लालचं पांढऱ्यात आणि पांढऱ्याचं लालमधे घातलं. आता शेळी उजवीकडनं आणि कुकर डावीकडनं. काल गोठ्यात या कानांनी ऐकलेला आवाज या डब्यात कुठं मेला, मला कळेना. गोठ्यात ऐकलं, एवढं मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता? तोंडी सांगणारी बहीण नि माईकवर बोलणारा चेअरमन, याचा निकाल कसा लागतो ते मी लहानपणापासून बघितलंय.

“सुरू करा गुरुजी,” आबासाहेब म्हणाले.

तेव्हा सुनील पाटावरनं उठला.

मला वाटलं, आता हा येऊन प्लग उपटणार. ओल्या धोतरानं चिखल करत तो आला, माझ्या हातातनं रेकॉर्डर घेतला, पिन बाहेर काढून डोळ्यांजवळ धरली.

“आक्का, ही वायर फोटोवाली हाय, पिवळं टोक टीव्हीच्या फोटोचं. हिला चार कडी असत्यात, ह्या भोकाला तीनच लागत्यात,” तो खाली बघूनच बोलत होता. पतसंस्थेच्या सभांना स्पीकरच्या वायरी तोच जोडायचा. “पूर्ण घातली की दोन्ही बाजूचा सारखा आवाज एकमेकाला खातोय. कडंचं तेवढं उरतंय. आई मधी बसून बोलली आसंल.”

“मग आता?”

“पूर्ण घालायची न्हाई. जराशी बाहेर धरायची. पन सोडली की आत जाती न्हाईतर निसटती.” त्यानं दर्भाची अंगठी असलेल्या बोटांनी पिन धरली, भोकात घातली आणि सुतभर मागं ओढली.

“...लागला वाटतं लाल दिवा,” आई म्हणाली.

सहाही डब्यांतनं म्हणाली. पुढच्या रांगेतल्या माणसांनी अंग मागं घेतलं.

“मी बनुबाई सहादेव बोलते. वय आधारकार्डावर लिवलंय, ते बी खोटं हाय. डाक्टर म्हनला लई दिस न्हाईत. म्हनून बोलून ठिवते. आबासाहेब, तुमी पुढं बसला आसाल. बसा. तुमाला दहाव्याला पुढंच बसाय लागतं. तुमी माज्याकडं तीनदा आलात. एकदा साडी घिऊन, एकदा साखरंचं पोतं घिऊन, एकदा माज्या पोराची नोकरी घिऊन. साडी मी परत दिली. साखर बी दिली. नोकरी परत देता आली न्हाई, ती पोरानं अंगात घातली हुती.”

“सुनील,” आबासाहेब म्हणाले. माईक त्यांनी बाजूला धरला होता. “वायर सोड.”

सुनीलनं सोडली नाही.

“रस्त्याकडंच्या लिंबाखाली अकरा बाया बसत्यात. त्यांचा कुनी साहेब न्हाई, कुनी संस्था न्हाई. बसू द्या. ती जागा इकायची न्हाई, दान करायची न्हाई, कुनाच्या बापाच्या नावाची कमान लावायची न्हाई. ह्यो माजा शबूद. आन कावळा शिवंना म्हनून कुनी माजी इच्छा वळखाय बसलं, तर त्याला सांगा, कावळ्याला इचारू नका. मला इचारा. मी बोलतेय की.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी ‘व्हय’ म्हणालं. हळूच, पण म्हणालं.

“पोरा, सोड म्हनतो ना,” आबासाहेब दोन पावलं पुढं आले.

“सुनील,” आई डब्यातनं म्हणाली, आणि माझा भाऊ लहानपणी दचकायचा तसा दचकला. पिन हलली, आवाज गेला, शेळी आली. त्यानं परत धरली. “...भित्रा हायेस. तुला वाटंल आईनं चार लोकांत आब्रू काढली. घरात सांगितलं तर तू ऐकून न ऐकल्यावानी करतोस म्हनून हितं सांगते. तुजा बाप बी भित्रा हुता. सरपंच दिसला की रस्ता बदलायचा. पन हातात पखवाज आला की देवाला बी भ्यायचा न्हाई. तुज्या हातात कायच न्हाई बाबा. तुजे हात रिकामे, म्हनून त्यात कुनी बी काय बी ठिवतंय.”

चारशे माणूस त्याच्याकडं बघत होतं. मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर, कान लाल झालेले. एका हातात आईचा रेकॉर्डर, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ती पिन. बोट सुतभर हललं असतं तरी आईचं हे बोलणं बंद झालं असतं आणि त्याची अब्रू वाचली असती. कुणी त्याला दोष दिला नसता. पिन निसटली म्हणाला असता. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. नखं पांढरी पडली होती इतकी त्यानं ती धरली होती.

आबासाहेब गुरुजींकडं वळले. “गुरुजी, मुहूर्त टळतोय. तुमी पिंडाचं सुरू करा.”

यज्ञेश्वर गुरुजी साठीचे, शाळेतनं निवृत्त झालेले. मला त्यांनी चौथीला शिकवलं होतं आणि सुनीलला मारलं होतं. त्यांनी पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, “कर्त्याशिवाय कसं सुरू करणार? कर्त्याचे हात गुंतलेत.”

“मग मोकळे करा.”

“ते कर्त्याचं काम. माझ्या पोथीत नाही,” गुरुजी म्हणाले आणि पाटाशेजारी मांडी घालून ऐकत बसले.

“झालं माजं बोलून,” आई म्हणाली. “आता ह्ये बंद कसं करायचं कुनाला ठावं. ते बंद करायचे. राहू दे. सेल संपल्यावर हुईल.”

ती उठल्याचा आवाज आला. गुडघा मोडल्याचा, बांगड्यांचा. मग भांडी. बंद करायचं बटण तिला माहीतच नव्हतं, म्हणून रेकॉर्डर चालूच राहिला होता. आई भांडी घासत होती. शेळीला म्हणत होती, “सरक गं भवाने, पाटीत पाय घालतीस का?” कुकर उतरवला. खोकली. कुणाला तरी हाक मारली, कुणी ओ दिली नाही. ती हाक कुणाला होती ते नीट ऐकू आलं नाही, मोनिकाला किंवा मला असेल. मोनिकानं खाली बघितलं.

भाषण संपलं होतं. सुनीलनं आता पिन सोडायला हरकत नव्हती. त्यानं सोडली नाही. सगळा गाव तसाच बसून राहिला आणि एका मेलेल्या बाईनं भांडी घासलेली ऐकत राहिला. जवळजवळ वीस मिनिटं. आबासाहेब तेवढा वेळ उभे होते. बसले असते तर ऐकत बसले असं झालं असतं, म्हणून बसता येईना. आणि गेले असते तर गेले असं झालं असतं. शेवटी ते गेलेच. गाडीचा दरवाजा त्यांनी जोरात लावला, तोही आईच्या भांड्यांच्या आवाजात कळला नाही.

मग आवाज तुटला, आईच्या वेळचे सेल तिथं संपले होते. सुनीलनं पिन काढली आणि बोटं चोळली.

“जागा द्यायची न्हाई,” तो म्हणाला. मोठ्यानं नाही. माईक रिकामाच पडला होता, तिकडं तो गेलाही नाही. “आई न्हाई म्हनली.”

मग तो पाटावर जाऊन बसला आणि गुरुजींनी सुरू केलं. पिंड ठेवला. दोन मिनिटांत एक काळं कुत्रं आलं आणि पिंड खाऊन गेलं. कावळ्याची वाट बघायला काही उरलंच नाही. गुरुजींनी वर आभाळाकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “झालं. चला जेवायला.”

सुनीलला दुसऱ्या दिवशी निरोप आला, कामावर येऊ नको. निरोप आणणाऱ्याला त्यानं बसवून चहा पाजला. आता तो मिरजगावात एका दुकानात टीव्ही आणि स्पीकर जोडून द्यायला जातो. कमी मिळतं. घरात कुरकुर होते, ती मोनिकाच करते, आणि करून झाली की हसते.

मागच्या महिन्यात कुणाच्या तरी अर्जावर मोजणीवाले लिंबाखाली आले. अर्ज कुणाचा ते सांगेनात. बायांनी सुनीलला फोन केला. तो होम थेटर घेऊन आला आणि पलीकडच्या गॅरेजवाल्याकडनं लाइट घेतली. नवी, बरोबर वायर दुकानातनं आणायला त्याला पाच मिनिटं लागली असती. त्यानं आणली नाही. तीच तीन रंगांची वायर, पिन सुतभर बाहेर, आणि आता तिथं एमसील लावून पक्की केलेली.

मोजणीवाला साखळी हातात धरून म्हणाला, “हे काय लावताय?”

“मालकीन बोलनार हाय,” सुनील म्हणाला. “उभं राहून ऐका.”